तक्रार पट्टीताईच्या नावावर

माझं लग्न ठरलं तेव्हा सासूबाईंविषयी मला दोन गोष्टी सांगण्यात आल्या. बाई खाष्ट आहेत, ही पहिली. ती सगळ्यांनी उघडपणे, अगदी हसत हसत सांगितली. दुसरी गोष्ट माझ्या आत्याने मला बाजूला घेऊन, दार लोटून सांगितली. ‘‘लढाईच्या वेळी त्या डोंगरात होत्या ना, तिथल्या एका मोठ्या माणसाबरोबर त्यांचं काहीतरी झालं होतं म्हणे. जबरदस्ती होती की आपखुशी, देव जाणे. तुझ्या कानावर असू दे, एवढंच.’’

पहिली गोष्ट खरी निघाली. दुसरी खोटी होती, पण ती खोटी आहे असं सासूबाईंनी जन्मभर कुणाला सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कशा? ती अफवा त्यांच्याच एका वाक्यातून निघाली होती. ते वाक्य त्या कुठे आणि का बोलल्या, तेच मला इथे सांगायचंय. यातलं काही मी त्यांच्याकडून ऐकलं, काही त्यांच्या मैत्रिणीकडून. दोघींचं जिथे जुळत नाही तिथे मी मैत्रिणीचं धरलंय, कारण स्वतःविषयी बोलताना सासूबाई अर्धं गाळतात.

लढाई सुरू झाली तेव्हा त्या गावच्या इस्पितळात नर्सिंग शिकत होत्या. परक्या सैन्याने गाव घेतलं आणि एका सकाळी शिपाई वॉर्डात शिरले. ज्यांच्या अंगावर गोळीची जखम होती त्यांना खाटांवरून ओढून नेलं. सलाइनच्या नळ्या लोंबत राहिल्या. सासूबाई तेव्हा एका म्हाताऱ्याला भरवत होत्या. चमचा तसाच हातात धरून त्या उभ्या राहिल्या, आणि आपण काहीच केलं नाही हे त्यांच्या मनाला फार लागलं. काही दिवसांनी इस्पितळातले सर्जन हत्यारांची पेटी घेऊन डोंगरातल्या लढवय्यांकडे निघाले, तेव्हा त्यांच्याबरोबर जायला त्यांनी लगेच होकार दिला. घरी आईला सांगितलं, ‘‘रात्रपाळी लागलीय, उशीर होईल.’’ उशीर तीन वर्षांचा झाला.

डोंगरात एक बंद पडलेली सॉ मिल होती. तिथे दवाखाना मांडला. ज्या लांब मेजावर ओंडके कापले जायचे त्याच मेजावर ऑपरेशनं होऊ लागली. मेज उत्तम होतं, असं सासूबाई अजून सांगतात. मजबूत, कमरेइतकं उंच, आणि धुतलं की पाणी आपोआप वाहून जायचं. त्रास होता तो भुशाचा. कितीही झाडा, फटीफटीतून बारीक भुसा निघायचाच. तुकडीत एक अगदी लहान चणीची मुलगी होती, एका शिंप्याची धाकटी लेक. ती भुशाने दिवसभर शिंकायची, म्हणून तिचं नाव पडलं शिंकरी. डोंगरात खरी नावं कुणी वापरत नसे. पकडलं गेलं तर दुसऱ्याचं नाव तोंडून जायला नको म्हणून. सासूबाईंच्या खिशात कायम बँडेजची गुंडाळी असायची, त्यामुळे त्या झाल्या पट्टीताई. लढवय्यांचा प्रमुख पूर्वी शाळेत शिकवायचा, तो मास्तर. त्याच्या हाताखालचा पहिला माणूस खाणीत मुकादम होता, त्याला फोरमन म्हणत. सुरुंग लावावा तर त्यानेच. आणि डॉक्टरांना डॉक्टरच म्हणत, त्यांना वेगळं नाव शोधायला कुणाला सवड नव्हती.

दवाखान्यात बायका आठ-नऊ होत्या. त्या आल्या तेव्हा पुरुषांनी न विचारताच ठरवून टाकलं होतं की या धुणार, रांधणार आणि रडणाऱ्यांना गप्प करणार. जखमींना उचलून आणायचं काम बाप्यांचं. पण बाप्ये लढायला लागायचे, आणि जखमी तासन् तास उतारावर पडून राहायचे. सासूबाईंनी डॉक्टरांना म्हटलं, ‘‘स्ट्रेचर आम्ही उचलतो.’’

डॉक्टर म्हणाले, ‘‘झेपेल?’’

तुकडीत एक दूधवाली होती, दारोदार दुधाच्या कॅनी वाहून खांदे बनलेली. तिने डॉक्टरांना कमरेत धरून उचललं, मेजावर बसवलं आणि आपल्या कामाला निघून गेली. त्यानंतर झेपण्याचा प्रश्न कुणी काढला नाही. बायका स्ट्रेचर वाहू लागल्या, मग इंजेक्शनं द्यायला शिकल्या, मग भूल द्यायला. डॉक्टर मन लावून शिकवायचे. चुकलं की चिडायचे, पण एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगायला कंटाळायचे नाहीत.

पहिलं वर्ष असं गेलं. दुसऱ्या वर्षी फोरमनच्या खांद्याला गोळी लागली. गोळी आरपार गेली होती, हाड वाचलं होतं. टाके घातले, जखम भरली, टाके काढले. तो वर आपल्या खोपटात राहायला गेला. आणि तिथून निरोप येऊ लागले, ‘पट्टी बदलायला मुलगी पाठवा.’ फोरमन म्हणजे मास्तरचा उजवा हात. त्याचा निरोप म्हणजे हुकूमच. कोण मोकळी असेल ती जायची. पुढे निरोपात ‘मुलगी’च्या जागी ‘शिंकरी’ येऊ लागलं.

सासूबाईंच्या लक्षात आलं ते धुण्यामुळे. कापड मिळत नव्हतं, त्यामुळे वापरलेल्या पट्ट्या उकळून, वाळवून पुन्हा वापरायच्या. कढईत टाकण्याआधी त्या प्रत्येक पट्टी उलगडून बघायच्या. पू किती, रक्त किती, यावरून कुणाची जखम चिघळतेय ते त्यांना कळायचं. शिंकरी वरून जी पट्टी आणायची ती कोरी करकरीत असायची. डाग नाही, वास नाही. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा सासूबाईंनी पट्टी नाकाजवळ धरली. भरलेल्या जखमेला पट्टी कसली?

शिंकरी ओढ्यावर कपडे खळबळत होती. गार पाण्याचं ते काम सगळ्याजणी टाळायच्या, पण ती हल्ली आपण होऊन घ्यायची आणि तासन् तास पाण्यात उभी राहायची. सासूबाई शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

‘‘फोरमनची जखम कशी आहे गं?’’

‘‘बरी आहे.’’

‘‘बरी आहे म्हणजे भरलीय. मीच टाके काढलेत.’’

शिंकरीने हातातला कपडा पिळला, पुन्हा पाण्यात टाकला, पुन्हा पिळला. मग म्हणाली, ‘‘ताई, तू कुणाला सांगू नकोस. माझ्या घरी कळलं तर मला परत घेणार नाहीत.’’

‘‘तू नाही म्हणालीस त्याला?’’

‘‘पहिल्या दिवशी म्हणाले. तो हसला. म्हणाला, आम्ही तुमच्यासाठी मरायचं आणि तुम्ही एवढंही नाही करायचं? मग त्याने दाराला अडसर घातला.’’

सासूबाईंनी तिला शब्द दिला की तुझं नाव माझ्या तोंडून कुणाला कळणार नाही. तो शब्द त्यांनी इतका तंतोतंत पाळला की पुढे त्याचाच घोळ झाला. पण ते नंतर.

त्या दिवसापासून वरून निरोप आला की सासूबाई स्वतः खोपटापर्यंत जायच्या आणि बाहेरूनच ओरडायच्या, ‘‘पट्टी लागणार असेल तर खाली दवाखान्यात या. इथे उजेड नाही.’’ फोरमन शिव्या घालायचा. एकदा तो खाली आलाही, मेजावर बसला, आणि सगळ्यांदेखत त्यांनी शर्ट काढायला लावून, बऱ्या झालेल्या खांद्यावर आयोडीन फासून त्याला परत पाठवला. बाकीचे जखमी हसले. सासूबाईंना वाटलं, जिरली. पण त्या दुसऱ्या ठाण्यावर लस टोचायला गेल्या त्या दिवशी निरोप आला आणि शिंकरीला जावं लागलं. परत आल्यावर त्यांना तिच्याकडे बघूनच कळलं. एकटीने पहारा देऊन हे भागणार नव्हतं.

त्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर सुया उकळत होते. सगळं ऐकल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि तो पुसतच राहिले.

‘‘मला शंका होती,’’ ते म्हणाले.

‘‘मग बोलला का नाहीत?’’

‘‘त्याच्याशिवाय सुरुंग कोण लावणार? मास्तर त्याला हात लावणार नाही. आणि पाण्यात राहून माशाशी वैर कसं करायचं, बाई? आपली औषधं, आपला पहारा, सगळं त्याच्या हातात.’’

‘‘म्हणजे पोरींनी सोसायचं.’’

‘‘तसं नाही म्हणालो मी.’’ डॉक्टरांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, ‘‘मास्तरकडे जाऊ. मी येतो बरोबर. पण नाव लागेल. ‘कुणावर तरी’ अन्याय झाला म्हणून चालणार नाही. तो विचारेल, कुणावर? तक्रारदार कोण?’’

घोडं इथेच अडलं. सासूबाईंनी बाकीच्या बायकांना एकेकटीला गाठून विचारलं. आणखी एकीने ‘हो’ म्हणून मान हलवली. तिच्याबाबतीत एकदाच, आणि तेही हात धरण्यापर्यंत. पण पुढे यायला तीही तयार नव्हती. तिचा नवरा फोरमनच्याच तुकडीत होता. इलाज नाही म्हणून सोडून देण्याचा स्वभाव सासूबाईंचा नव्हता. त्यांनी कोटाची बटणं लावली आणि त्या डॉक्टरांना म्हणाल्या, ‘‘चला. नाव आहे.’’

मिलच्या जुन्या ऑफिसात मास्तरने चौकशी बसवली. काचा फुटलेल्या खिडक्यांना पुठ्ठे लावलेले, मध्ये एक टेबल, त्यामागे मास्तर. एका बाजूला डॉक्टर. फोरमन खुर्ची उलटी करून तिच्या पाठीवर हात टाकून बसलेला. सासूबाईंनी दूधवालीला बरोबर नेलं होतं. एकटी बाई आत नको म्हणून. दुपारची वेळ होती, बाहेर कुणीतरी लाकूड फोडत होतं.

मास्तरने विचारलं, ‘‘तक्रार कुणाची?’’

‘‘माझी,’’ सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी झटकन वर बघितलं. दूधवाली समोरच्या भिंतीकडे बघत राहिली.

‘‘काय झालं?’’

‘‘पट्टी बदलायच्या निमित्ताने खोपटात बोलावून अडसर घातला. एकदा नाही, पुष्कळदा.’’

फोरमन आधी बघतच राहिला आणि मग मोठ्याने हसला. ‘‘हिला? मास्तर, ही बाई धडधडीत खोटं बोलतेय! हिने माझ्या खोपटाचा उंबरा ओलांडलेला नाही. हिला मी कधी बोलावलंच नव्हतं!’’

मास्तरने आयुष्यभर पोरांना शिकवलं होतं. पोराने उत्तर दिलं की ते एकदा स्वतः म्हणून बघायची त्याला सवय होती. तो सावकाश म्हणाला, ‘‘हिला बोलावलं नव्हतं. बरं. मग कुणाला बोलावलं होतं?’’

फोरमनचं हसू तोंडावरच राहिलं. बाहेर लाकूड फोडणं चालू होतं. सासूबाई सांगतात की हे त्यांनी मुळीच योजलं नव्हतं. आपल्याला सगळं खोटंनाटं रचून सांगावं लागणार असंच त्या धरून चालल्या होत्या. त्यांना एक वाक्यही पुढे बोलावं लागलं नाही.

‘‘पट्टी बदलायला कुणीतरी यायचंच की,’’ फोरमन म्हणाला. ‘‘आणि आलेली कुणी नाही म्हणाली नाही मला.’’

त्यावर दूधवालीने तोंड उघडलं. ‘‘बंदूक कुठे असायची तेव्हा? खुंटीला का उशाशी?’’

मास्तरला तेवढं पुरलं. सगळ्यांना बाहेर काढून तो डॉक्टरांशी बराच वेळ बोलला. आतून डॉक्टरांचा चढलेला आवाज ऐकू आला, तो सासूबाईंनी पहिल्यांदाच ऐकला. डॉक्टर म्हणत होते, ‘‘सुरुंग लावणारा दुसरा तयार करता येईल. मी बायकांना भूल द्यायला शिकवलं, तू चार माणसांना वात लावायला शिकव!’’

निकाल लागला तो असा. फोरमनचं उपप्रमुखपद गेलं, त्याला पलीकडच्या खोऱ्यातल्या ठाण्यावर पाठवलं, आणि बोलावल्याशिवाय मिलमध्ये पाय ठेवायचा नाही असा हुकूम झाला. सासूबाईंना हे फार कमी वाटलं. त्या तसं बोलल्याही. मास्तर म्हणाला, ‘‘याहून जास्त मला आज परवडत नाही.’’ त्या म्हणाल्या, ‘‘मग जे परवडतं ते तरी सगळं द्या.’’ आणि त्यांनी मागणं मांडलं. जखमी कितीही मोठा असो, चालता येत असेल तर दवाखान्यात येईल. उठता येत नसेल तर दोघीजणी जातील, एकटी कुणी जाणार नाही. बायकांच्या झोपायच्या खोलीला आतून कडी बसेल. बायकांना कामं डॉक्टर किंवा त्या स्वतः वाटून देतील, बाहेरचा कुणी नाही, मास्तरसुद्धा नाही. आणि कुणी मुलगी नाही म्हणाली तर तिला कारण विचारायचं नाही. मास्तरने सगळं कबूल केलं. शेवटच्यावर थोडा अडला. सैन्यात असं चालत नाही म्हणाला. सासूबाई म्हणाल्या, ‘‘हे सैन्य नाही, दवाखाना आहे.’’ कडी त्याच संध्याकाळी बसली. दूधवालीने ठोकली.

हे नियम पुढे दुसऱ्या ठाण्यांवरच्या दवाखान्यांतही गेले. सगळीकडे पाळले गेले असं नाही. एका ठिकाणच्या नर्सने निरोप पाठवला की आमच्याकडे कडी आहे पण ती बाहेरून आहे. सासूबाई आणि दूधवाली डोंगर ओलांडून गेल्या आणि ती काढून आतून लावून आल्या.

ऑफिसातलं बोलणं बाहेर जायचं नाही असं ठरलं होतं. पण फोरमन गेला हे सगळ्यांना दिसत होतं, आणि तक्रार पट्टीताईची होती एवढं कुठून तरी झिरपलंच. बाकीचं लोकांनी आपापल्या मनाने भरलं. काही जण त्यांच्याकडे कणवेने बघू लागले, काही वेगळ्याच नजरेने. हात दाखवून अवलक्षण, असं एका आचाऱ्याने त्यांना तोंडावर म्हटलं. शिंकरीने हे सगळं बघितलं. ती सासूबाईंना काही बोलली नाही. फक्त ओढ्यावर जाणं तिने बंद केलं आणि ऑपरेशनच्या मेजाशी काम मागितलं.

पुढच्या हिवाळ्यात फोरमन परत आला तो स्ट्रेचरवर. पोटात गोळी होती. बर्फातून त्याला खाली आणलं ते दूधवालीने आणि तिच्या जोडीदारणीने. वाटभर दूधवाली त्याला शिव्या देत होती, आणि वाटभर तिने स्ट्रेचरला एक हिसका बसू दिला नाही.

मेजाशी ड्यूटी शिंकरीची होती. सासूबाई म्हणाल्या, ‘‘तू जा, मी दुसरीला बोलावते.’’

‘‘नको,’’ शिंकरी म्हणाली. ‘‘ड्यूटी माझी आहे.’’

डॉक्टर हात धूत होते. फोरमनने डोळे उघडले, तिला ओळखलं आणि पाणी मागितलं. ती नाही म्हणाली. त्याने पुन्हा मागितलं.

‘‘सूड घेतेस होय?’’ तो म्हणाला.

‘‘पोटात गोळी असली की पाणी देत नाहीत,’’ शिंकरी म्हणाली. ‘‘कुणालाच देत नाहीत.’’ तिने बोळा ओला करून त्याच्या ओठांवर फिरवला आणि भूल द्यायचा मास्क हातात घेतला.

तो वाचला. वॉर्डात पडून होता तेवढे दिवस नियमाप्रमाणे दोघीजणी मिळून त्याचं सगळं करायच्या. माफीचा शब्द त्याने काढला नाही, कुणी वाटही बघितली नाही. बरा होऊन तो गेला, आणि उन्हाळ्यात एक पूल उडवताना त्याच पुलाखाली मेला. गावातल्या चौकात दगडावर कोरलेल्या नावांत त्याचं नाव बरंच वर आहे. मी एकदा सासूबाईंना विचारलं होतं, ते नाव बघून राग नाही येत? त्या म्हणाल्या, ‘‘त्या पुलावरून रणगाडे आले असते तर आमच्यातलं कुणी उरलं नसतं. पूल त्याने उडवला. आणि पोरीला अडसर घालून कोंडलं तेही त्यानेच. मी दोन्हीतलं काही पुसायला जात नाही.’’

लढाई संपली. सासूबाईंनी राहिलेलं नर्सिंग पुरं केलं आणि बाळंतपणाच्या वॉर्डात लागल्या. दोन स्थळं येऊन परत गेली. कारण कुणी सांगितलं नाही, पण त्यांना माहीत होतं. तिसरे माझे सासरे. ते छापखान्यात कंपोझिटर होते. डोंगरात त्यांची दोन बोटं गेली होती आणि ती कापताना सासूबाईंनीच त्यांना धरलं होतं. अफवा त्यांच्याही कानावर होती. लग्नाआधी ते म्हणाले, ‘‘मला काही विचारायचं नाही. तुला काही सांगायचं असेल तर सांग, नाहीतर नको.’’ सासूबाईंनी सांगितलं नाही. दिलेला शब्द नवऱ्यासाठी मोडायचा का, यावर त्यांनी विचार केला होता, आणि मोडायचा नाही असं ठरवलं होतं. तीस वर्षं संसार चांगला झाला. सासरे गेले तेही तीच समजूत घेऊन गेले. ते बायकोशी कायम जरा जपून, हळुवार वागायचे. आपण त्या हळुवारपणाचे हक्कदार नाही असं सासूबाईंना सारखं वाटायचं.

शिंकरीही गावातच होती. तिने लग्न केलं, मुलं झाली, वह्या-पुस्तकांचं दुकान चालवलं. दोघी आठवड्यातून एकदा तरी भेटायच्या, भाजीपासून सुनांपर्यंत सगळं बोलायच्या. तो एक विषय सोडून.

मग वाचनालयाच्या हॉलमध्ये डोंगरातल्या जुन्या लोकांचा मेळावा झाला. सासूबाईंना मीच घेऊन गेले होते. कॉलेजातली एक मुलगी माईक घेऊन आली होती. तिने विचारलं, ‘‘दवाखान्यात बायका सुरक्षित होत्या का?’’ पुढच्या रांगेतला एक म्हातारा मिश्किलपणे म्हणाला, ‘‘ते पट्टीताईंना विचारा. त्यांना अनुभव आहे.’’ दोघं-तिघं हसले. सासूबाई ढिम्म. ऐकून ऐकून त्यांचे कान किटले होते.

मागच्या रांगेत खुर्ची सरकली. शिंकरी उठून उभी राहिली. ‘‘पट्टीताईला फोरमनने बोटही लावलं नव्हतं,’’ ती म्हणाली. ‘‘ती मी होते.’’ तिचा मुलगा शेजारीच बसला होता. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि चौकशी, पट्ट्या, अडसर, सगळं सांगितलं. मधे दोनदा थांबली, पण खाली बसली नाही. म्हातारा टोपी हातात घेऊन जमिनीकडे बघत होता.

मला वाटलं, आता या दोघी गळ्यात पडतील. कसलं काय! सासूबाई गाडीत बसल्या त्या तोंड फुगवून. दुसऱ्या दिवशी शिंकरी घरी आली तेव्हा त्यांनी तिला बस म्हणायच्या आधीच विचारलं, ‘‘मला विचारल्याशिवाय का बोललीस?’’

‘‘माझी गोष्ट होती.’’

‘‘नाव माझं होतं! इतकी वर्षं मी ते सांभाळलं. सांगायचंच होतं तर हे होते तेव्हा सांगायचंस. ज्याला कळायला हवं होतं तो माणूस गेला, आणि आता हॉलभर टाळ्या घेऊन मी काय करू?’’ सासूबाईंना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

शिंकरी उभीच होती. ‘‘आणि तू मला विचारलं होतंस?’’ ती म्हणाली. ‘‘माझं नाव सांगू नकोस एवढंच म्हणाले होते मी. तुझं दे असं कुठे म्हणाले होते? तू गेलीस, देऊन आलीस. मग लोक तुला बोलायचे आणि मी दुकानात बसून ऐकायची. गप्प बसले तर मी कृतघ्न, बोलले तर माझं घर मोडणार. त्या माणसाचं ओझं मी कधीच उतरवून टाकलं ताई. तुझं नाही उतरलं.’’

मला आत जावं की थांबावं ते कळेना, म्हणून मी दारातच उभी राहिले.

‘‘मग काय करायला हवं होतं मी?’’ सासूबाईंनी विचारलं. वादासाठी नाही, खरोखरच विचारलं.

‘‘विचारायला हवं होतंस. मी नाहीच म्हणाले असते. तरी विचारायला हवं होतंस.’’

सासूबाई म्हणाल्या, ‘‘हं.’’ एवढंच. त्यानंतर दोघी महिनाभर भेटल्या नाहीत. मग एक दिवस शिंकरी नेहमीसारखी आली, दुकानात बसू लागलेल्या नव्या सुनेच्या तक्रारी करत बसली, आणि सासूबाईंनी तिच्या सुनेची बाजू घेऊन तिला वैताग आणला.

या वसंतात आमच्या वरच्या मजल्यावरची मुलगी एका दुपारी आमच्या दारात येऊन उभी राहिली. तिचा नवरा तिला मारतो हे इमारतीतल्या सगळ्यांना माहीत होतं. पूर्वीच्या सासूबाई असत्या तर काठी घेऊन सरळ वर गेल्या असत्या. तशा त्या एकदा गेल्याही होत्या, आणि त्या दिवसानंतर ती मुलगी आम्हाला टाळायला लागली होती. या वेळी त्यांनी तिला खुर्ची दिली, समोर बसल्या आणि म्हणाल्या, ‘‘सांग, मी काय करू? तू म्हणशील तेवढंच करीन.’’

मुलगी म्हणाली, ‘‘आज काही नको. मला नुसतं इथे बसू द्या.’’

‘‘बस,’’ सासूबाई म्हणाल्या. संध्याकाळपर्यंत ती बसली. पुढच्या आठवड्यात ती परत आली तेव्हा तिच्या हातात बॅग होती, आणि तिला बसस्टँडपर्यंत सोबत हवी होती. आम्ही दोघी गेलो.